सुंदराबाईंचा नवा गुडघा

"मॅडम, तुमच्या रोबोटला मराठी येतं का?"

आमच्या दवाखान्यात रोबोट आला तेव्हा हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारला, की शेवटी मी "येतं, पण लाजाळू आहे, बोलत नाही" असं उत्तर द्यायला लागले. काही जणांना ते खरंही वाटलं.

मी फिजिओथेरपिस्ट. घर तुळजापूरला, नोकरी सोलापूरच्या हाडांच्या दवाखान्यात. सकाळी एसटीनं घाट उतरायचा आणि संध्याकाळी चढायचा, यात हयात गेली. आता निवृत्ती तोंडावर आलीय, तरी मी नेमकं काय करते ते माझ्या घरच्यांनाही नीट कळलेलं नाही. सासूबाई शेवटपर्यंत "आमची सून सोलापूरला पाय चोळायला जाते" असंच सांगत होत्या. म्हणून आधीच सांगून टाकते. सांधा बदलतात ते डॉक्टर. बदललेला सांधा वाकवायला, चालवायला, जिना चढवायला शिकवते ती मी. डॉक्टरांच्या वेळी पेशंटला भूल दिलेली असते, माझ्या वेळी तो टक्क जागा असतो. त्यामुळं आशीर्वाद डॉक्टरांना आणि शिव्या मला, अशी आमची वाटणी ठरलेली आहे.

तर रोबोट. लोकांना वाटायचं, डोळ्यांच्या जागी लाल दिवे असलेलं काहीतरी चालत येतं आणि पेशंटच्या उरावर बसतं. प्रत्यक्षात तो चाकांवरचा एक जाडजूड खांब आहे, त्याला एक हात आणि हाताच्या टोकाला करवत. ऑपरेशनच्या आधी पायाचा सीटी स्कॅन काढतात. त्यावरून कॉम्प्युटर त्या माणसाच्या गुडघ्याचं, सगळीकडून फिरवून बघता येईल असं चित्र तयार करतो. हाड किती झिजलंय, पाय किती बाक घेऊन बसलाय, कुठल्या मापाचा सांधा बसेल, किती कापावं लागेल, हे तो स्वतःहून सुचवतो. आधीच्या ढीगभर ऑपरेशनांवरून तो हे शिकलेला असतो म्हणे. आमचे सर, म्हणजे आमचे सर्जन, त्याचं ऐकून घेतात. कधी मान डोलावतात, कधी "नाही रे बाबा, ही बाई शेतातली आहे" म्हणून त्याचे आकडे बदलतात. ऑपरेशन चालू असताना मांडीच्या आणि नडगीच्या हाडांना छोट्या खुणा बसवलेल्या असतात आणि एक कॅमेरा त्यांच्यावर नजर ठेवून असतो. करवत धरलेली असते सरांनीच. पण ती ठरलेल्या रेषेबाहेर जायला लागली, की रोबोटचा हात अडून बसतो आणि करवत थांबते. पाटीवर अक्षर गिरवताना आई मागून हात धरते ना, तसलाच प्रकार.

मला हे यंत्र आवडतं, हे कबूल करायला मला काही कमीपणा वाटत नाही. पूर्वीही सर उत्तम ऑपरेशन करायचे. पण आता माझ्या हातात येणारे पाय जास्त सरळ आणि नेमके बसवलेले असतात, पेशंट लवकर उभे राहतात.

लोहाऱ्याचे एक निवृत्त गुरुजी होते. त्यांनी सगळी माहिती शांतपणे ऐकून घेतली आणि विचारलं, "ते सगळं ठीक आहे. मधेच लाईट गेली तर?" सर हसले नाहीत. आमच्या भागात हा प्रश्न हसण्यावारी न्यायचा नसतो. दवाखान्याचा जनरेटर आहे हे त्यांनी सांगितलं आणि म्हणाले, "आणि तो पण बंद पडला, तर मी आहे की. रोबोट यायच्या आधी मी काय झोपा काढत होतो का?" गुरुजींनी त्याच दिवशी होकार दिला.

रोबोटच्या मागोमाग आलं ते व्यायामाचं ॲप. पेशंट घरी गेला की मोबाईल समोर स्टुलावर उभा करायचा, आपण खुर्चीवर बसून पाय वाकवायचा. मोबाईलचा कॅमेरा पाय ओळखतो, गुडघा किती वाकला ते मोजतो आणि एक गोड आवाजाची बाई "छान! अजून थोडं!" म्हणते. शेवटी "आज किती दुखलं?" असंही विचारते. सगळे आकडे दवाखान्यात माझ्यापुढच्या पडद्यावर येतात. पेशंटचं खासगीपण जपायचं म्हणून चेहरा नाही, व्हिडिओ नाही, नुसते आकडे आणि नावापुढं एक ठिपका. हिरवा म्हणजे झकास, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, लाल म्हणजे फोन करा.

ॲप आलं आणि माझं घरोघर जाणं बंद झालं. त्याआधी मी घाटाच्या वर-खालच्या कितीतरी गावांत जाऊन आले होते. कुणाच्या ओसरीवर चहा, कुणाकडं गरम भाकरी आणि शेंगांची चटणी. पाय वाकवता वाकवता त्या घरातली भांडणंही कळायची आणि पेशंट का चालत नाही याचं खरं कारण बऱ्याचदा त्या भांडणातच असायचं. ठिपक्यांत हे काही दिसत नाही. पण ठिपके दमत नाहीत, रजा घेत नाहीत, आणि माझ्या एकटीच्यानं होणार नाहीत इतक्या पेशंटवर नजर ठेवतात, हेही खरंच.

सुंदराबाई तामलवाडीच्या. शेतातली बाई, केस पांढरे झालेले, अंगात काष्ट्याचं लुगडं. दोन्ही पाय गुडघ्यात बाहेर वाकून मध्ये घागर मावेल इतकं अंतर पडलेलं. आधी उजवा गुडघा करायचं ठरलं. ऑपरेशन फार सुरेख झालं. दुसऱ्या दिवशी मी चादर बाजूला केली तेव्हा त्या आपल्या सरळ झालेल्या पायाकडं कितीतरी वेळ बघत राहिल्या.

"ह्यो माझा न्हाय," त्या म्हणाल्या. "ह्यो लग्नात व्हता तसला हाय."

वॉर्डात मी रागावून, चुचकारून त्यांचा गुडघा काटकोनापर्यंत आणला. नव्या गुडघ्याचं एक सांगायला हवं. तो कितीही नेमका बसवलेला असला तरी त्याच्या भोवतीचं मांस, कातडी, आतली जखम आपल्या गतीनं भरत असते. भरताना ती आवळत जाते. पहिल्या काही आठवड्यांत दुखलं तरी वाकवत राहिलं, तर गुडघा मोकळा होतो. तो काळ हुकला की आतून धरतो, आणि मग रोबोटनं केलेलं सगळं नेमकं काम एका काठीसारख्या पायात अडकून बसतं. हे मी सुंदराबाईंना सांगितलं, त्यांचा मुलगा दत्ता याला सांगितलं आणि सून वैशालीलाही सांगितलं. दत्तानं वैशालीच्या मोबाईलवर ॲप घेतलं आणि मंडळी गावी गेली.

सुंदराबाईंचा ठिपका पहिल्या दिवसापासून हिरवा. नुसता हिरवा नाही, असा हिरवा की आमच्या तरुण सहकारी मुली इतर पेशंटना त्यांचं उदाहरण द्यायला लागल्या. गुडघा माझ्यापेक्षा चांगला वाकत होता. आणि "आज किती दुखलं?" याचं उत्तर रोज एकच, "अजिबात नाही."

तिथंच माझ्या मनात पाल चुकचुकली. एवढ्या वर्षांत मी देवभोळे पेशंट बघितले, रांगडे पैलवान बघितले, पण त्या दिवसांत अजिबात दुखत नाही म्हणणारा माणूस मला भेटलेला नाही. मी फोन केला. वैशाली म्हणाली, "सगळं बरं हाय मॅडम. रोज करतोय की." आवाजात कुठंही खोट नव्हती. तरी त्या संध्याकाळी घरी जाताना मी तामलवाडीला उतरले.

सुंदराबाई ओसरीत खाटेवर होत्या. उजवा पाय वाकळेच्या घडीवर सरळ ठेवलेला आणि शालीत गुंडाळलेला, नव्या सुनेनं माहेरची पैठणी ठेवावी तसा. मला बघून त्यांना फार आनंद झाला.

"मॅडम आल्यात गं, चहा टाक!"

मी शाल सोडली आणि म्हणाले, "वाकवा बघू."

"आत्ता?"

"आत्ता."

त्यांनी थोडा वाकवला आणि थांबल्या. मी हात लावून बघितलं. गुडघा दुखून थांबतो ते हाताला वेगळं लागतं, आणि धरल्यामुळं थांबतो ते वेगळं. हा धरायला लागला होता.

"आत्याबाई," मी म्हणाले, "रोज व्यायाम कोण करतं?"

त्यांनी सुनेकडं बघितलं. वैशाली चहाची कपबशी घेऊन दारात उभी होती. ती सहज म्हणाली, "म्या करते की."

मला वाटलं, मी करून घेते असं म्हणायचंय. पण नाही. मोबाईलला रेंज घरात येत नव्हती, फक्त ओसरीत येत होती. ओसरी रस्त्यावर उघडी. ॲपमधली बाई "गुडघा दिसत नाही, गुडघा दिसत नाही" म्हणत होती, आणि गुडघा दिसायला लुगडं मांडीपर्यंत वर घ्यावं लागलं असतं. सुंदराबाई म्हणाल्या, "सगळा गाव जातोय हितनं. त्या बाईला लाज न्हाय, मला हाय." तेव्हा वैशालीनं लग्नाआधीची सलवार पेटीतून काढून घातली, रोज सकाळी गावाची वर्दळ सुरू व्हायच्या आत खुर्चीवर बसली आणि सासूच्या वतीनं सगळे व्यायाम केले. एकही दिवस न चुकता, अंघोळ करून.

"अगं पण तू करून त्यांचा गुडघा कसा मोकळा होईल?" माझा आवाज चढला होता.

वैशालीच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. "न्हाय व्हत? मागल्या साली आत्यांना बरं नव्हतं, तवा नवरात्रात त्यांचा उपास म्या धरला. त्यांचं लोटांगण बी म्याच घातलं, पार देवळापस्तोर. देवीला चालतंय मॅडम. मग मोबाईलला का न्हाय चालायचं?"

आमच्या भागात म्हाताऱ्या माणसाचा नवस घरातल्या कुणीतरी फेडावा, त्यानं धरलेलं व्रत दुसऱ्यानं पुरं करावं, यात कुणाला काही वावगं वाटत नाही. मीसुद्धा सासूबाईंचे मंगळवार केले आहेत. तिनं तर सगळ्यात निष्ठेनं केलं होतं. रागवायला जागाच नव्हती.

"आणि तुम्ही?" मी सुंदराबाईंकडं वळले. "ॲप नको तर नको, पाय तर वाकवायचा होता आत खोलीत."

त्या शालीचं टोक चाळवत बसल्या. "मशिनीनं इतकं नेटकं बसिवलंय मॅडम. वाकवून वाकवून मोडलं तर? म्हणलं, जपून वापरावं."

दुसऱ्या दिवशी दत्ता आईला घेऊन दवाखान्यात आला. सरांनी पाय हातात घेतला आणि त्यांच्या चेहऱ्यावरून मला काय ते कळलं. ते म्हणाले, दोन आठवडे बघू. नाहीच वाकला, तर पुन्हा भूल देऊन आपल्याला तो जोर लावून वाकवावा लागेल. "भूल" हा शब्द ऐकला आणि सुंदराबाईंनी माझा हात घट्ट धरला. त्यांची मोठी जाऊ कसल्याशा ऑपरेशनला गेली ती भुलीतून उठलीच नव्हती. पहिल्या वेळी कसंबसं मन घट्ट केलं होतं. "आता पुन्यांदा न्हाय," त्या म्हणाल्या. "पाय असाच राहू द्या. लाकूड म्हणून वढीन."

दत्ता बायकोवर उखडला. सगळ्यांसमोर. "हिला कुणी सांगितलं व्हतं शानपणा करायला? आईचा पाय घालवला हिनं!"

वैशाली भिंतीला टेकून उभी होती. सुंदराबाईंनी व्हीलचेअरवरूनच मुलाला दटावलं, "गप बस. म्याच म्हणलं व्हतं तिला, तू कर म्हणून. तिला एक शब्द बोलायचा न्हाय." असं त्या खरंच म्हणाल्या होत्या की नव्हत्या, मला माहीत नाही. मी विचारलंही नाही.

त्या दिवसापासून मी रोज संध्याकाळी तामलवाडीला उतरायला लागले. दवाखान्याला विचारलं नाही, सरांना सांगितलं. ते म्हणाले, "जा तुम्ही. ठिपक्यांचं मी बघतो."

पहिले दिवस वाईट गेले. मी नडगीवर हात ठेवला की सुंदराबाईंचं सगळं अंग ताठ व्हायचं. त्या ओरडायच्या नाहीत, त्यापेक्षा वाईट, दात आवळून माझ्याविरुद्ध जोर लावायच्या. शेतात काम केलेल्या बाईची ताकद ती, तिच्यापुढं माझं काय चालणार? उलट रेटलं तर इजा व्हायची. असा गुडघा भांडून वाकत नाही, त्याला हाताचा भरवसा वाटावा लागतो. आणि माझ्या हाताचा तो वाटत नव्हता. मी कितीही गोड बोलले तरी शेवटी मी दवाखान्याचीच होते.

मग मी वैशालीला खाली पाटावर बसवलं. सुंदराबाई खाटेच्या काठावर, पाय खाली सोडलेला. "हात इथं ठेव. एकदम नाही, हळूहळू दाब. त्या श्वास सोडतील तेव्हा दाबायचं. ताणल्यासारखं दुखेल, ते चालतं. सुरी खुपसल्यासारखं दुखलं तर थांबायचं."

वैशालीनं हात नुसता टेकवला. "मला न्हाय जमायचं मॅडम. त्यांना दुखतंय."

"दुखणारच आहे."

"म्या आधीच एवढं करून बसले. अजून दुखवू?"

ती रडायलाच लागली. रडत रडत हात काढून घेतला. मी काही बोलायच्या आत सुंदराबाई खेकसल्या, "रडतीस काय? दाब! म्या काय काचंची हाय?" आणि त्यांनी स्वतः वाकून सुनेचा हात धरून आपल्या नडगीवर ठेवला.

वैशालीनं दाबलं. सुंदराबाईंनी डोळे मिटले, खाटेची पट्टी दोन्ही हातांनी धरली, घामानं कपाळ भिजलं. पण पाय ताठ झाला नाही. त्या हाताला त्यांनी विरोध केला नाही. मी बाजूला उभी राहून बघत होते आणि इतक्या वर्षांत जे मी शेकडो जणांना पुस्तकी भाषेत सांगत आले, की पाय सैल सोडा, हातावर सोपवा, ते माझ्यासमोर घडत होतं. मला हेवा वाटला, आणि फार बरंही वाटलं.

मग रोजचा नेमच झाला. आत खोलीत, दार लावून, मोबाईल बंद. सकाळी वैशाली, दुपारी वैशाली, संध्याकाळी मी बघायला आणि वैशालीच करायला. आधी बर्फ, मग दाबणं, मग चालणं. दत्ता एक-दोन दिवस घुश्श्यात बाहेर फिरत राहिला, मग न सांगता बर्फ आणायला लागला. काही दिवशी गुडघा जरा पुढं सरकायचा, काही दिवशी होता तिथंच. एकदा तर मागं गेला, सूज आली. त्या रात्री मला जेवण गेलं नाही. सरांनी दिलेली मुदत संपत आली होती आणि काटकोन अजून लांब होता. सुंदराबाई मला म्हणाल्या, "मॅडम, न्हाय झालं तर हिला कुणाला बोल लावू देऊ नका." स्वतःच्या पायाबद्दल एक शब्द नाही.

ठरलेल्या दिवशी सरांनी गुडघा मोजला. पुन्हा मोजला. काटकोनाच्या थोडा पुढं गेला होता. ते म्हणाले, "भूल नको. हाच हात चालू ठेवा," आणि वैशालीच्या हाताकडं बोट केलं. सुंदराबाईंनी त्यांना तिथंच वाकून नमस्कार घातला. वैशालीनं घातला नाही, ती बाहेर जाऊन बाकावर बसली. मी जाऊन तिच्याजवळ बसले.

मी ॲपवाल्या कंपनीच्या माणसाला हा सगळा प्रकार सांगितला. तो चाट पडला. "पेशंटच्या जागी दुसरं कुणी व्यायाम करेल, हा विचारच आमच्या डोक्यात आला नव्हता," तो म्हणाला. मी म्हटलं, तुम्ही आमच्याकडच्या सुना बघितल्या नाहीत. आता ॲप सुरुवातीला चेहरा दाखवा म्हणतं. ही सुधारणा माझ्या खात्यावर कुठं नोंदलेली नाही, म्हणून इथं सांगून ठेवते.

त्यानंतर काही दिवसांनी मी पुन्हा तामलवाडीला उतरले. खरं तर गरज नव्हती. सुंदराबाई खाटेच्या काठावर बसल्या होत्या, दोन्ही पाय खाली, दोन्ही गुडघे वाकलेले, कुठल्याही घरातली कुठलीही बाई बसते तशा. ताठ पाय पुढं काढून बसलेल्या बाईच्या जवळ कुणाला बसता येत नाही, हे तोवर माझ्या ध्यानात आलं नव्हतं. वैशाली रोजच्यासारखी पाट घेऊन आली आणि नडगीवर हात ठेवायला पुढं झाली.

"आज ऱ्हाऊ दे," सुंदराबाई म्हणाल्या. "तिकडं तोंड कर."

"का?"

"कर म्हणते ना. केस बघ जरा. माझ्या पायापायी डोक्याला तेल न्हाय का फणी न्हाय."

वैशाली माझ्याकडं बघून लाजली आणि पाठ करून बसली. सुंदराबाईंनी दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये तिला ओढून घेतलं, तेलाची बाटली तळहातावर उपडी केली आणि गुंता सोडवायला लागल्या. मी खिडकीतून बाहेर बघायला लागले.

"आत्या, हळू की. दुखायलंय."

"दुखू दे. मला काय कमी दुखिवलंस व्हय?"

म्हणाल्या खऱ्या. पण फणीचा हात हलका झाला.